इथे अस्वलं नाहीत, आई

आई, दादा मोंटानाहून आला, विमानतळावर मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या आजाराबद्दल नव्हता. "तिने हाक नाही मारली?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मी मीटिंगमध्ये होते. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. गाडी आपल्या घराकडे, लोअर हटच्या रस्त्याला लागल्यावर त्याने पुन्हा विचारलं, "तुझी कामाची खोली आणि ती पडली ते बाथरूम, मध्ये किती अंतर आहे?" मी म्हटलं, "एक भिंत."

तुझं दिवसकार्य झालं, माणसं येऊन भेटून गेली, फ्रीजमधले लोकांनी आणून दिलेले डबे संपले. दादा अजून इथेच आहे आणि त्याचा प्रश्नही. त्याला उत्तर मिळालं, पण ते माझ्याकडून नाही. तेच तुला सांगायला बसले आहे. खरं म्हणजे तुला त्यातलं काहीच नवीन नाही.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तो दिवस आठवतो? दादाकडे राहून तू थेट इकडे आली होतीस. ऑकलंडच्या विमानतळावर चिखल लागलेले बूट, बिया, लोणची शोधत बसणाऱ्या त्या अधिकाऱ्याने तुझी बॅग उघडली. तुझे डोंगरात चालायचे बूट बघितले, ते तू दात घासायच्या ब्रशने घासून आणले होतेस. मग त्याच्या हाती लागली ठिकठिकाणी पोचे पडलेली स्टीलची ताटली आणि एक पळी. हे काय, म्हणून त्याने विचारलं. तू "फॉर बेअर" म्हणालीस, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वाजवूनच दाखवलंस. तुला घ्यायला ऑकलंडपर्यंत आलेले मी आणि तुझा जावई संदीप बाहेर कठड्याशी उभे होतो. दार उघडायच्या आधीच मला तो आवाज आला. "आई आली," मी संदीपला म्हटलं आणि मला इतकं हसू यायला लागलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी मला तुझ्या आवाजाची लाज वाटली नव्हती. याची मी स्वतःलाच मुद्दाम आठवण करून देते आहे.

दादा शिकारीला जातो हे तू पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतंस. जन्मात अंडं न खाल्लेली बाई मुलाबरोबर हरणं मारणाऱ्यांच्या तळावर जाऊन राहते, हे सांगणार तरी कुणाला! मी विचारलं तर म्हणालीस, "मी कुठे मारतेय? मी आपली पिठलं करते." आणि तिथले ग्रिझली अस्वलांपासून सांभाळून राहायचे नियम तू दादापेक्षा कडक पाळायचीस. चूल तंबूपासून लांब, वारा तंबूकडे वाहत नसेल अशा जागी. खायची एकूण एक वस्तू पिशवीत घालून झाडाच्या उंच फांदीला टांगायची. रात्री केसांना तेल नाही, गुडघ्याला बाम नाही, उशीखाली खडीसाखरेचा खडा नाही. ज्या कपड्यांत स्वयंपाक केला त्यांत झोपायचं नाही. "हे म्हणजे सोवळंच की," तू मला फोनवर म्हणाली होतीस. "माझ्या सासूबाईंना अस्वलांनी नोकरीवर ठेवलं असतं."

हरीण पडलं की तिथे रेंगाळायचं नाही, आतडी एकीकडे, मांस दुसरीकडे, आणि उरलेलं न्यायला परत जाताना लांबूनच गलका करत जायचं. अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, बोलत बोलत मागे सरकायचं. पण मुळात ते समोर येऊ नये यासाठी चालताना आवाज करायचा, हा नियम तुझा सगळ्यात लाडका. बाकीचे लोक टाळ्या वाजवतात, "हे बेअर, हे बेअर" ओरडतात. तुझे हात संधिवाताने दुखायचे म्हणून ताटली आली. आणि काय ओरडायचं हा प्रश्न प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला पडलाच नाही. तू पाढे म्हणायचीस. सतराचा तुझा खास आवडता, कारण वर्गातली निम्मी मुलं तिथे अडकायची. एकदा बोरांसारखी फळं लागलेल्या झुडपांत अस्वल उभं राहिलेलं तुम्ही दोघांनी पाहिलं होतं. "बाराच्या पाढ्याला उभं राहिलं, तेराच्याला निघून गेलं," असं तू सांगायचीस, आणि दादा म्हणायचा की हे अगदी खरं आहे.

इकडे आल्यावर मी तुला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, आई, इथे अस्वलं नाहीत. साप नाहीत, वाघ नाहीत, लांडगे नाहीत. ईशा तर पोट धरून हसली. तुला मराठीत विचारायला लावायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, तशीच म्हणाली, "आजी, देअर आर हीप्स ऑफ शीप, बट नो बेअर्स." तू म्हणालीस, "असू दे गं, सवय आहे." आम्ही तंबू घेऊन समुद्रकाठी गेलो तर तू चकल्यांची पिशवी झाडाला टांगलीस, आणि रात्री पॉसम नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याने दुसऱ्यांचा पाव पळवला, आपल्या चकल्या तेवढ्या वाचल्या. त्या सकाळी तुझा चेहरा बघण्यासारखा होता. मला तेव्हाही लाज वाटली नव्हती.

मग ईस्टरची ती सहल. संदीपच्या ऑफिसातला ग्रॅम आम्हाला तारारुआच्या डोंगरात घेऊन गेला. हरणांच्या माजाचा मोसम, नर दिवसभर रानात डरकाळ्या देत असतात आणि शिकारी त्या ऐकत वर चढतात. ग्रॅमने संदीपला बोलावलं याचं आम्हाला किती अप्रूप होतं ते तुला माहीत आहे. इतक्या वर्षांत या देशात ऑफिसातल्या कुणी आम्हाला चहापलीकडे कुठे बोलावलं नव्हतं. मी आठवडाभर आधीपासून ठरवत होते, काय न्यायचं, काय नाही, काय घालायचं. हिंगाची फोडणी तिथे द्यायची नाही हेही मी ठरवलं होतं. तुझ्या ताटलीचं मात्र मी काही ठरवलं नव्हतं, ती माझ्या लक्षातच आली नाही.

सकाळी पुरुष वर धारेवर गेले. आपण बायका-मुलं खाली नदीच्या वाटेने निघालो. तू पुढे. "सतरा एके सतरा," ठण्ण. "सतरा दुणे चौतीस," ठण्ण. ग्रॅमची मुलं खिदळायला लागली, त्याची बायको हसत होती, पण कशी हसत होती ते मला दिसत होतं. आणि मग समोरच्या उतारावरून दोन हरणं झाडी मोडत पलीकडे गेली. दुपारी ग्रॅम रिकाम्या हाताने खाली आला. "आय हर्ड यू, आंटी," तो म्हणाला. "सो डिड एव्हरी डिअर." सगळे हसले. संदीपने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या सोडत बसला. त्याच्या नाड्या सुटलेल्याच होत्या.

तेव्हा मी तुझ्याजवळ आले. चेहऱ्यावर हसू ठेवून, मायेने तुझा स्कार्फ सारखा करत, मराठीत बोलले. आपण किती वेळा केलंय हे, परक्या लोकांत हसतमुखाने एकमेकींना झापायचं! लग्नकार्यात तूच शिकवलंस. पण मी जे बोलले ते तू शिकवलं नव्हतंस. मी म्हटलं, "आई, हसत राहा आणि ऐक. मला तुझ्या आवाजाची लाज वाटते. इथे लोक हळू बोलतात. इथे राहायचं तर गप्प राहायला शीक."

तू हसत राहिलीस. मी सांगितलं होतं ना. मग हळूच म्हणालीस, "अगं, अस्वल नसलं तरी वर बंदुका आहेत. झुडूप हललं म्हणून कुणी चाप ओढला तर? आधी कळायला पाहिजे ना त्याला, इथे माणूस आहे म्हणून."

"सगळ्यांना कळलंय तू आहेस ते," मी म्हटलं.

तू ताटली उशीच्या अभ्र्यात गुंडाळलीस आणि पिशवीच्या तळाशी घातलीस. परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या मागे चालत होतीस. ग्रॅम जाताना म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, "लेट्स डू इट अगेन." आणि मला इतकं हायसं वाटलं, आई, की तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर तू खरंच शिकलीस. हुशार विद्यार्थिनी होतीस. दादाशी फोनवर बोलायला गॅरेजमध्ये जायला लागलीस. माझ्या मीटिंग असतील तेव्हा मिक्सर लावायची नाहीस, शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात, तेही खाली टॉवेल घालून. कपाटाची दारं तू बोट मध्ये धरून मिटायचीस. सकाळची आरती ओठांतल्या ओठांत. शेजारची म्हातारी कुंपणावरून "किया ओरा" असा इथला नमस्कार करायची, तर तू नुसता हात वर करायचीस, पूर्वी तिला तू नारळीपाकाची कृती ओरडून सांगत होतीस. यातलं काहीही मी तुला करायला सांगितलं नव्हतं, असं मी परवापर्यंत स्वतःला सांगत होते. आणि सगळ्यात वाईट काय ते ऐक. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, "आई किती छान रुळली इथे. आहे असं वाटतसुद्धा नाही घरात." हे माझे शब्द आहेत. माणसाबद्दल बोलले होते मी ते.

तू पडलीस त्या दिवशी मी भिंतीच्या या बाजूला कुणाला तरी एका प्रकल्पाचं वेळापत्रक समजावत होते. या घरांच्या भिंती कशा असतात तुला माहीत आहे, पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. मी बाहेर आले ती जेवायला. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. तू जमिनीवर होतीस, एक पाय नको तसा वळलेला, ओठ पांढरे, डोळे उघडे. बादली तुझ्या हाताशी होती. नुसती ढकलली असतीस तरी मी धावत आले असते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "झाली मीटिंग?"

मी हे कुणालाच सांगितलं नाही. संदीपलाही नाही. किती वेळ पडून होतीस ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, कारण उत्तर आलं असतं.

हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन नीट झालं, मग छातीत कफ भरला, ते सगळं दादाला मी सविस्तर सांगितलं आहे. हे सांगितलं नाही: तुझ्या उशाशी घंटेचं बटण होतं आणि तू ते दाबायची नाहीस. नर्स मला म्हणाली, "युअर मम्स लव्हली. नो ट्रबल ॲट ऑल. सच अ क्वायट लेडी." मला तिला सांगायचं होतं, अहो, ही बाई पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला नावाने हाक मारून थांबवायची. हिच्या आवाजाने अस्वल वाट बदलायचं. मी काय म्हटलं? "थँक यू." मग ते बटण मी तुझ्या मुठीत दिलं आणि तू हसून म्हणालीस, "तू आहेस ना इथे." तेव्हा सॉरी म्हणायचं होतं. मला वाटलं, बरी झालीस की घरी म्हणू.

तुझ्यासाठी सगळे हॉलमध्ये जमले, त्या दिवशी एकामागून एक माणसं उठून बोलली. शांत होत्या. मितभाषी होत्या. कधी आवाज चढवला नाही. आमच्याकडची माणसं, त्यांनी जी पाहिली तीच आई त्यांनी सांगितली. मी मान डोलावत होते. दादा माझ्याकडे वळून कुजबुजला, "हे कोणाबद्दल बोलतायत?"

आणि मग परवा दुपारी आम्ही चहा घेत होतो. दादाने बशी खाली ठेवली आणि पुन्हा तेच विचारलं, आता मला नाही, हवेत विचारल्यासारखं. "एक भिंत. आणि आपली आई. तिने हाक कशी मारली नाही?" मी तोंड उघडलं, मीटिंग हा शब्द जिभेवर होता. ईशा टोस्टला लोणी लावत होती. वर न बघता म्हणाली, "बिकॉज मम टोल्ड हर नॉट टू."

मी विसरले होते, आई. तिथे डोंगरात मराठी कळणारं आणखी एक माणूस होतं. ती उत्तर इंग्रजीत देते म्हणून तिला ऐकूही इंग्रजीच येतं असं मी धरून चालले होते. तिने सगळं सांगितलं, स्कार्फ सारखा केला त्यासकट. "ॲट द कॅम्प. शी वॉज स्मायलिंग. दे वर बोथ स्मायलिंग." मी तिला गप्प कर म्हणून संदीपकडे पाहिलं नाही. तेवढं तरी केलं नाही.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कप बशीवर ठेवला. मग म्हणाला, "तिकडे आमच्या तळावर ती सगळ्यांना पोरासारखं रागवायची. बंदूक घेऊन निघालेल्या माणसांना पाढे म्हणायला लावायची. आणि म्हणायचे सगळे, मीसुद्धा." आणि पुढे म्हणाला, "मलाही पहिल्या वर्षी लाज वाटली होती." मला ते ऐकून क्षणभर आधार वाटला. मग लक्षात आलं, त्याला वाटली होती आणि त्याने ती गिळली होती. तुला बोलून दाखवली नव्हती.

तो उठून गॅरेजमध्ये गेला. ताटली अजून त्याच अभ्र्यात होती.

आज सकाळी आम्ही तिघं वाइनुइओमाताच्या मागच्या रानात गेलो. दादाने ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "वाजव." मी वाजवली, शेजाऱ्याचं दार भीत भीत ठोठावावं तशी. ईशा म्हणाली, "लाउडर, मम. आजी डिड इट वे लाउडर." मग मी जोरात मारली. तो आवाज झाडांत गेला, आणि तो तुझा होता. मी पाढा सुरू केला. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आले आणि तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखी अडकले. मागून दादाने पुढचा घेतला, अगदी तुझ्यासारखा ताणून.

पुढच्या वळणावर एक माणूस वाटेच्या कडेला थांबला होता. नारिंगी जाकीट, बंदुकीची नळी जमिनीकडे. आम्हाला वाट देण्यासाठी थांबला होता. माझ्या तोंडात सॉरी आलंच. या देशात आल्यापासून ते माझ्या तोंडात तयारच असतं, ट्रॉलीला धक्का लागला, फोन वाजला, आई मोठ्याने बोलली. पण त्याच्या आधी तोच म्हणाला, "हर्ड यू ऑल द वे अप. गुड ऑन यू. आय लाइक टू नो देअर आर पीपल."

तू हेच सांगत होतीस. इथे माणूस आहे, हे आधी कळलं पाहिजे.

मी त्याला सॉरी म्हटलं नाही. ते त्याचं नव्हतंच. ते भिंतीच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं होतं, आणि मी ते घरी आल्यावर म्हणू म्हणून ठेवून दिलं. तू घरी आली नाहीस, आई, आणि ते माझ्याकडेच राहिलं. दादा आणि ईशा पुढे गेले. माझा आवाज फाटला होता, मी तो तसाच मोठा केला, पळी उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा एके सतरा.